समासाची धुलाई

४ फेब्रुवारी, रविवार

मास्तरीणबाई,

पत्रास कारण की, तू फोन उचलत नाहीस. उचलते ती तुझी बहीण, आणि दर वेळी सांगते, "ताई आंघोळीला गेलीय." गुरुवारी तू चार वेळा आंघोळीला गेली होतीस. तीस वर्षं लॉन्ड्री चालवलेला माणूस सांगतो, इतकी धुलाई जाड पडद्यालासुद्धा सोसत नाही. जप.

आधी तुझ्या कामाचं सांगतो, म्हणजे पत्र लगेच फाडणार नाहीस. काल महिन्याचा पहिला शनिवार होता, तुमच्या पुस्तक मंडळाच्या जेवणाचा. तू येणार नाहीस हे तू त्यांना कळवलं नसणार, हे मी ओळखलं. राग माझ्यावर, मग त्या बिचाऱ्यांनी का ताटकळावं? म्हणून साडेबाराला रेस्टॉरंटात गेलो. निव्वळ निरोप द्यायला. सव्वीस वर्षांत त्या दाराच्या आत पहिल्यांदा पाऊल टाकलं. एरवी तुला बाहेर सोडायचं आणि स्कूटर फिरवायची, एवढंच माझं साहित्याशी नातं.

खिडकीजवळच्या टेबलाशी तिघं होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी ओळखत होतो, माझी अक्कलदाढ त्यांच्याकडेच आहे. दुसरे ते नकाशेवाले, जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले. मीठदाणीसुद्धा टेबलाच्या बरोबर मध्यावर आहे की नाही हे बघतात. आणि तिसऱ्या झाडांच्या नर्सरीवाल्या ताई, ज्यांच्या नखांत कायम माती असते आणि ज्या त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत.

"ती बहिणीकडे गेलीय," मी म्हटलं. "बहिणीचा गुडघा दुखतोय."

तेवढं सांभाळून घे. कुणी चौकशी केली तर बहिणीला जरा लंगडायला सांग.

निरोप देऊन निघणार, तोच डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "बसा. चार जणांचं टेबल सांगून झालंय." ज्या आवाजात त्या "आ करा" म्हणतात, त्याच आवाजात म्हणाल्या. मी बसलो. मालकीणबाई स्वतः वही घेऊन आल्या. तिघांनी भाजलेला मासा, लोण्यातले बटाटे आणि वर लिंबाचं पुडिंग सांगितलं. मी तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचलंय?"

"नाही."

"मग सूप."

ज्याचं त्या महिन्याचं वाचन पुरं झालं नाही त्याला फक्त सूप, हा तुमचा नियम मला कुठे ठाऊक होता! सव्वीस वर्षं तू भरल्या पोटाने घरी येतेस त्यामागे एवढा अभ्यास आहे, हे काल कळलं. सूप चांगलं होतं. पण सूपच होतं.

आता ते पुस्तक. माझीही बाजू ऐक. या वर्षी मंडळ ती आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी पुन्हा वाचणार, महिन्याला एक तृतीयांश, असं तूच डिसेंबरात सांगितलं होतंस. तुझी प्रत पार खिळखिळी झालेली. मनात आलं, वाढदिवसाला हिला ती नवीकोरी करून देऊ. बाइंडिंग करून आणलं. उघडून बघतो तर पानापानाच्या समासात पेन्सिलीच्या रेघा, बाण, बारीक अक्षरांची गिचमिड. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? डाग दिसला की काढायचा. तू चार दिवस लेकीकडे गेलीस तेव्हा बसून मऊ खोडरबराने आठशेच्या आठशे पानं साफ केली. एक पान फाटलं नाही, छापलेलं एक अक्षर पुसट झालं नाही. आणि तू पुस्तक उघडलंस, पाच-सहा पानं उलटलीस आणि म्हणालीस, "सव्वीस वर्षांची टिपणं होती ती." बस्स. दुसऱ्या दिवशी बॅग.

चुकलो. पण एक गोष्ट माझ्या खात्यावर जमा धर. त्यातला एक शब्दही मी वाचला नाही. दुसऱ्याचं खाजगी वाचणाऱ्यातला मी नव्हे.

कळावे. लोभ असावा म्हणायची सध्या हिंमत नाही. रागात थोडी सूट असावी.

तुझा डागवाला


५ मार्च, सोमवार

मास्तरीणबाई,

तुझी बहीण म्हणाली, पत्र पोचलं, तू वाचलंस आणि घडी घालून उशीखाली ठेवलंस. मग म्हणाली, उशीखाली नाही, कपाटात. मग म्हणाली, मला यात पाडू नका. बहीण तुझी असली तरी स्वभाव बरा आहे.

परवाच्या शनिवारी मी पुन्हा गेलो होतो. आता तू विचारशील, निरोप तर मागच्याच महिन्यात दिला होता ना? दिला होता. पण त्यांना चौथा माणूस लागतो. नकाशेवाल्यांच्या मते तीन जणांचं टेबल एका बाजूला कलतं. आणि खरं सांगायचं तर, मी वाचायला घेतलंय. तुझीच प्रत. दुसरी कुठून आणू?

दोनशे दहा पानं झाली. हसू नकोस. पहिल्या पन्नास पानांत इतके सरदार येतात की मला प्रत्येकाची पावती फाडावीशी वाटली, लॉन्ड्रीत फाडायचो तशी. राणी मात्र फर्मास आहे. नवरा मेला, नदीकाठचं शहर वेढ्यात सापडलं, तरी बाई सकाळी उठून तटावर फेरी मारते आणि पहारेकऱ्यांची खरडपट्टी काढते. मला कुणाची तरी आठवण झाली. नाव घेत नाही.

आणि तिचा तो म्हातारा दिवाण! तो मला आपला वाटतो. चाळीस वर्षं इमानाने चाकरी. बोलणं कमी, काम जास्त. राणीला उन्हाचा त्रास नको म्हणून छत्र धरायचं, हिशेबाचा त्रास नको म्हणून हिशेब परस्पर निपटायचा. तिने काही विचारण्याआधी सगळं झालेलं असतं.

"तुमच्या बायकोला तो दिवाण डोळ्यांसमोर नको असतो," नर्सरीवाल्या ताई म्हणाल्या. "मागच्या खेपेला पुडिंग येईपर्यंत शिव्या घालत होती त्याला."

"का?"

"ते तिच्या पुस्तकात लिहिलं असेल. तिच्या समासात मूळ कादंबरीपेक्षा जास्त मजकूर आहे. आणता का पुढच्या वेळी?"

मागच्या महिन्यात त्यांनी हेच विचारलं तेव्हा मी सूपमध्ये तोंड घातलं होतं. या वेळी सूपही संपलं होतं. (माझा पहिलाच भाग अजून पुरा झाला नव्हता. मालकीणबाईंनी पान क्रमांक विचारला. त्या सोडत नाहीत.) मग सांगून टाकलं. बाइंडिंग, खोडरबर, चार दिवस, सगळं. गुडघाही कबूल केला.

ताईंनी काटा खाली ठेवला. मला वाटलं आता ही बाई मला मुळासकट उपटणार. मग नकाशेवाले हळूच म्हणाले, "आमच्या कचेरीत एकाने नकाशा साफ करताना एक अख्खं गाव पुसलं होतं. साहेब लाल झाले. पण लोक तिथेच राहत होते हो. गाव काही हललं नव्हतं."

एवढ्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूपमधली मिरी घशात गेली म्हणून सांगितलं.

मग मी वही काढली. म्हटलं, सांगा, ती काय काय म्हणायची? आठवेल ते सगळं सांगा. मी लिहून घेतो आणि पुस्तकात पुन्हा भरतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्या जागी तुम्ही लिहिणार? मग आधीचं पुसलं ते बरं होतं. वहीत लिहा हवं तर, पुस्तकाला हात लावू नका." म्हणून वहीत लिहितोय. पण काय सांगू, तिघांची तीन मतं. ताई म्हणतात, तू म्हणायचीस राणी गर्विष्ठ आहे. नकाशेवाले म्हणतात, छे, एकाकी आहे म्हणायचीस. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्ही, एकाच वाक्यात. वहीची सतरा पानं भरलीत, आणि सव्वीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवणारी बाई त्यात मला नवीनच भेटतेय.

दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलंय. लेक मला "बाबा, तुम्ही वेडे आहात" म्हणाली, पण प्रेमाने.

तुझा डागवाला


२० मार्च

मास्तरीणबाई,

चार ओळीच लिहितो, दाढीचा साबण वाळतोय.

कुणीसं सांगितलं, पेन्सिल पुसली तरी कागदावर दाबाची खूण राहते, उजेडात तिरपं धरलं की वाचता येतं. गेले आठ दिवस सकाळी खिडकीत बसून पानं तिरपी धरतोय. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटतं मी त्यांना आरशाने खुणा करतोय. त्यांनी पडदा लावून घेतला.

काहीच दिसत नाही. डाग काढण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हीच तर बोंब आहे. आठशे पानांत एकच शब्द सापडला, पान तीनशे सेहेचाळीस, इतका जोर लावून लिहिलेला की मलाही पुसता आला नाही: "छे!"

तेवढ्याने दिवसभर बरं वाटलं. घरात तुझा आवाज आल्यासारखं झालं. त्या पानावर दिवाण बोलतोय, हे सांगायला नकोच.


९ एप्रिल, सोमवार

मास्तरीणबाई,

कादंबरी संपली. आठशेच्या आठशे. शनिवारी मालकीणबाईंनी शेवटच्या प्रकरणावर तीन प्रश्न विचारले, तिन्हीची उत्तरं बरोबर आली, आणि मला मासा मिळाला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नकाशेवाल्यांनी त्यांना फितवलं होतं.

तो मासा मी अर्धा टाकला. का, ते सांगायला हे पत्र.

तुला गोष्ट पाठ आहे, पण मला माझ्या तोंडाने सांगू दे. वेढ्याच्या शेवटी राणीच्या भावाचं पत्र येतं. दिवाणाला वाटतं, माहेरचं रडगाणं असणार, आधीच बाईंच्या जिवाला काय कमी घोर आहेत. म्हणून तो ते पत्र न उघडता शेगडीत टाकतो. आणि त्या पत्रात भावाने तह घडवून आणल्याची बातमी असते. नाहक अर्धं शहर जळतं.

टेबलावर तिघंही दिवाणावर तुटून पडले. मी एकटा त्याच्या बाजूने. आवाज चढला माझा. म्हटलं, "अहो, त्याने तिच्या भल्यासाठीच केलं! आणि किती सज्जन माणूस बघा, पत्र हातात असूनही वाचलं नाही! एक अक्षर वाचलं नाही त्याने!"

डॉक्टरीणबाई पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "तोच तर आरोप आहे."

मी माशाचा काटा काढत बसलो, तोही नीट निघेना. मालकीणबाईंना वाटलं मासा ताजा नव्हता, त्यांनी आत जाऊन कुणाला तरी झापलं. त्या माणसाची माफी मागायची राहिलीय.

घरी येऊन मी तुला पाठवलेलं पहिलं पत्र आठवलं. 'दुसऱ्याचं खाजगी वाचणाऱ्यातला मी नव्हे.' काय तोऱ्यात लिहिलं होतं! आणि तू ते वाचून काय म्हणाली असशील, तेही ऐकू आलं. कारण तुला पक्कं ठाऊक आहे, मी तसलाच आहे. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या खिशातली प्रत्येक चिठ्ठी मी वाचली. वाण्याच्या याद्या वाचल्या, डॉक्टरांचे कागद वाचले, त्या पोस्टमास्तरांच्या कोटातलं प्रेमपत्र तर तुला जेवताना वाचून दाखवलं आणि तुझा घास अडकला हसून हसून. धुण्याआधी खिसा तपासायचा आणि सापडेल ते वाचायचं, हा माझा धर्म होता.

तेव्हा सज्जनपणा वगैरे काही नव्हता. खरं असं आहे की तुझ्या अक्षरांत वाचण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परक्यांच्या खिशातला चिटोरा वाचला, आणि चार दिवस तुझं सगळं मन माझ्या हाताखालून गेलं तेव्हा मला ते मळलेलं पान दिसलं. तू पुसल्याबद्दल गेली नाहीस. न वाचता पुसलं म्हणून गेलीस. दोन महिने मी भलत्याच गुन्ह्याची माफी मागतोय.

याची माफी कशी मागतात मला माहीत नाही. मला लाज वाटते. एवढं खरं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. मोठं पुस्तक संपलं की तुमचं ते खटल्याचं जेवण असतं ना, एका पात्रावर खटला, एकाने आरोप करायचे आणि एकाने बचाव. पाच मेला दिवाणाचा खटला आहे. मी काल तिघांना फोन करून सांगितलं, आरोप मी करणार. सगळे चाट पडले. नकाशेवाले म्हणाले, "अहो, तुम्हीच तर त्याचे वकील होतात." म्हटलं, वकिलाने अशील सोडलं.

आता बचावाला कुणीच उभं राहत नाही. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, ताई नाही म्हणाल्या, नकाशेवाले म्हणाले मी फार तर शहर किती जळलं त्याचा आराखडा काढून देतो. वकिलाशिवाय खटला चालवायचा नाही असाही तुमचा काहीतरी नियम निघाला. बघू.

घर स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ आहे की जीव रमत नाही. ये असं म्हणायचा हक्क मला नाही, पण वाट बघायला हक्क लागत नसावा.

डागवाला


२३ एप्रिल

मास्तरीणबाई,

माझं आरोपपत्र तयार झालंय. नऊ पानं. त्यातली मोठी कलमं तुला कळवतो, म्हणजे कुठे कमी पडलं तर तुझी बहीण तरी सांगेल.

एक, चाळीस वर्षं बाईंच्या शेजारी उभा राहून त्याने तिला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं. दोन, सेवा केली की ऐकून घ्यायचं काम वाचतं असा त्याचा समज होता. तीन, शेवटच्या प्रकरणात तो रडतो, पण तेही भिंतीकडे तोंड करून, म्हणजे राणीने तेही ओळखून घ्यायचं! चार, राणीने त्याला काढून टाकायला हवं होतं, आणि ती काढत नाही ही लेखकाची चूक आहे.

आरशासमोर उभा राहून म्हणून बघितलं. शिक्षा मागताना आवाज बसतो. नकाशेवाल्यांचं म्हणणं, अशाने न्यायाधीश आरोपीऐवजी मलाच पाणी देतील.

डागवाला


२८ एप्रिल

अहो,

सगळी पत्रं वाचली. दोनदा वाचली. बहीण उगाच काहीही सांगते, ती कपाटातही नाहीत आणि उशीखालीही नाहीत, पर्समध्ये आहेत.

तुमच्या नऊ एप्रिलच्या पत्रातलं मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे आणि माझंही बरंच सांगायचं आहे, ते समोरासमोर. रागही थोडा शिल्लक आहे, तोही घेऊन येते.

पण आरोपपत्र कच्चं आहे. चारही कलमं पाहिली. तुम्ही एकविसावं प्रकरण घाईत वाचलेलं दिसतं. सगळे तसंच वाचतात, मीही इतकी वर्षं तसंच वाचत आले. परवा बहिणीच्या शेजाऱ्यांकडून प्रत आणून पुन्हा वाचलं. पत्र जाळल्यावर दिवाण स्वस्थ बसलेला नाही. चूक कळल्यावर तो म्हातारा उन्हातान्हात तीन दिवस पायी चालत राणीच्या भावाकडे जातो आणि विचारतो, "त्यात काय लिहिलं होतं, मला सांगा." त्याला हाकलून देतात तर दारातच बसतो. एवढ्या मोठ्या पुस्तकात कुणाचं काय लिहिलं होतं हे विचारायला गेलेला तो एकच माणूस आहे. हे तुमच्या नऊ पानांत कुठेही नाही.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येते. मालकीणबाईंना पाचवी खुर्ची सांगून ठेवा.

दिवाणाची बाजू मी मांडणार आहे.